कळ दाबली, पण अडली कुठे? लिनक्स लॅपटॉपवरील कीबोर्ड मांडणी आणि ब्राइटनेसच्या कळा

बाई, आपण कळवलेली हकीकत थोडक्यात अशी. बोटीवर नोकरीला असलेल्या आपल्या पुतण्याने इंग्लंडमधील एका बंदरात घेतलेला लॅपटॉप मे महिन्यात दापोलीला आणून आपल्याला दिला आणि शाळेच्या प्रश्नपत्रिकांसाठी आपण त्यावर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली घालून घेतली. तेव्हापासून २ च्या कळीवर छापलेले दुहेरी अवतरणचिन्ह दाबले की @ उमटते, ३ वरच्या £ च्या जागी # येते आणि झेडच्या डावीकडची, बॅकस्लॅश छापलेली कळ < हे चिन्ह देते. दुसरी तक्रार ब्राइटनेसची. सुरुवातीला सूर्याचे चित्र असलेली कळ दाबली की उजेड कमी होण्याऐवजी ब्राउझरचे पान पुन्हा लोड होत असे. मग पुतण्याच्या मित्राने कुठूनशा उतरवलेल्या दोन आज्ञा ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रामच्या, ओळीत घातल्या. आता फंक्शन कळ धरून तीच कळ दाबली की पडद्यावर पट्टी खालीवर होते, पण उजेड आहे तेवढाच राहतो. कीबोर्ड बदलावा लागेल का, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते कीबोर्ड बदलण्याची काहीही गरज नाही. मांडणीचा दोष हा दोषच नव्हे, ती निवडताना झालेली चूक आहे. ब्राइटनेसचा पहिला दोषही दोष नव्हता. आणि ब्राइटनेसचा आत्ताचा दोष हा बहुतेक त्या इलाजातून निर्माण झालेला आहे. हे मी इतक्या खात्रीने का म्हणतो, ते समजण्यासाठी कळीचा प्रवास आधी सांगावा लागेल. आज्ञा मी फोनवर सांगतो तशा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

आपण कळ दाबता तेव्हा यंत्रातून एक कच्चा क्रमांक निघतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याचे स्वतःच्या ठरलेल्या क्रमांकात रूपांतर करते: एफ५ चा क्रमांक ६३, ब्राइटनेस कमी करण्याचा २२४, वाढवण्याचा २२५. त्यापुढे एक्सकेबी नावाची यंत्रणा त्या क्रमांकात ८ मिळवून, म्हणजे ६३ चे ७१ आणि २२४ चे २३२ करून, निवडलेल्या मांडणीच्या तक्त्यात त्याचा अर्थ पाहते. शेवटी डेस्कटॉप त्या अर्थानुसार अक्षर उमटवतो किंवा काम करतो. या आठच्या बेरजेमागे जुना इतिहास आहे आणि तिचा एक गमतीदार परिणाम असा, की एक्स-११ या पडदा व कळा सांभाळणाऱ्या जुन्या यंत्रणेत २५५ च्या पुढचे क्रमांक मावतच नाहीत. म्हणून माइक बंद करण्याच्या कळीला, जिचा कर्नलमधला क्रमांक २४८ आहे, बऱ्याच लॅपटॉपवर मुद्दाम एफ२० चा वेश देऊन पुढे पाठवतात. चार थांब्यांच्या या वाटेवर कळ नेमकी कुठे अडली हे पाहिल्याशिवाय केलेला कोणताही इलाज अंदाजपंचेच ठरतो.

आता आपल्या अक्षरांकडे पाहू. @ आणि " यांची अदलाबदल, £ च्या जागी # आणि झेडशेजारी एक जादा कळ, एवढी लक्षणे एकत्र आली की निदान एकच: कीबोर्ड ब्रिटिश छपाईचा आहे आणि संगणक त्याला अमेरिकी समजतो आहे. भारतात विकले जाणारे बहुतेक लॅपटॉप अमेरिकी मांडणीचे असतात, त्यामुळे उबुंटू घालताना कोणी या पानावर थांबतच नाही आणि समोर आलेले पर्याय तसेच पुढे ढकलतो. पहिल्या दोन थांब्यांपर्यंत सगळे सुरळीत आहे, फक्त तिसऱ्यावर तक्ता चुकीचा उघडला गेला आहे. सेटिंग्जमधील कीबोर्डच्या पानावर इनपुट सोर्सेसमध्ये ‘इंग्लिश, यूके’ घालून ‘इंग्लिश, यूएस’ काढून टाकावे. मांडणी त्या क्षणी बदलते, यंत्र पुन्हा सुरू करावे लागत नाही.

मात्र एवढ्यावर थांबू नये, कारण ही निवड फक्त आपल्या खात्यापुरती असते. लॉगिनचा पडदा आणि काळे कन्सोल सबंध यंत्रणेची मांडणी वापरतात आणि ती उबुंटूत ‘/ईटीसी/डीफॉल्ट/कीबोर्ड’ या फाइलमध्ये असते. ‘सुडो डीपीकेजी-रिकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन’ ही आज्ञा दिली की ती एकेक प्रश्न विचारते. मॉडेल १०५ कळांचा सर्वसाधारण पीसी, देश युनायटेड किंग्डम, बाकी सारे आहे तसे. आपल्या पासवर्डमध्ये @ किंवा # असेल तर येथे सावध राहावे. तो पासवर्ड आपण अमेरिकी मांडणीत, म्हणजे छापलेली चिन्हे पाहून पण प्रत्यक्षात वेगळीच चिन्हे उमटवत ठरवलेला असणार, त्यामुळे मांडणी दुरुस्त झाल्याबरोबर ‘बरोबर’ टाइप केलेला पासवर्ड चुकीचा ठरेल. इंग्रजी अक्षरे आणि आकडे दोन्ही मांडण्यांत एकाच जागी आहेत. म्हणून मांडणी बदलण्यापूर्वी पासवर्ड काही काळ केवळ अक्षरे व आकडे यांचाच, पण चांगला लांब ठेवावा आणि सर्व स्थिरस्थावर झाल्यावर वाटल्यास बदलावा. डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण डिस्कचा पासवर्ड विचारणारा पडदा यंत्र सुरू होताना आधी चढणाऱ्या एका छोट्या तात्पुरत्या प्रणालीतून चालतो आणि त्याच्यापर्यंत नवी मांडणी पोहोचवण्यासाठी ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ ही आज्ञा द्यावी लागते.

‘सेटएक्सकेबीमॅप जीबी’ अशी एका ओळीची आज्ञा आपल्याला कोणीतरी सुचवली होती आणि तिने काहीच झाले नाही, असे आपण लिहिले आहे. ती आज्ञा चुकीची नाही, ती एक्स-११ च्या काळातली आहे. उबुंटूचे सध्याचे सत्र सामान्यतः वेलँड या एक्स-११ च्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेवर चालते आणि तेथे मांडणीची मालकी डेस्कटॉपकडे असते. ही आज्ञा फार तर जुन्या पद्धतीच्या काही प्रोग्रामांपुरती लागू पडते.

मराठीसाठी याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर मराठी मांडणी घालावी. इंग्रजी पहिलीच राहू द्यावी, नाहीतर पासवर्डच्या पेटीत ठिपक्यांआड देवनागरी टाइप होत राहते आणि आपल्याला ते दिसतही नाही. दोन्हींमध्ये बदल सुपर आणि स्पेस या कळांनी होतो. यादीत मराठीच्या नावाने बऱ्याच गोष्टी दिसतात, त्यांत फरक एवढाच की एक्सकेबीची ‘मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ एका कळीला एक वर्ण या नियमाने चालते, तर रोमन उच्चार लिहून देवनागरी उमटवणाऱ्या आयट्रान्ससारख्या पद्धती आयबस या वेगळ्या टंकन-यंत्रणेतून येतात आणि त्यासाठी एम१७एन चे पॅकेज लागते. मी स्वतः इनस्क्रिप्ट शिकण्याचाच आग्रह धरतो, विशेषतः ज्यांना रोज प्रश्नपत्रिका टाइप करायच्या आहेत त्यांना. स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे आठवड्याभरात बोटे वळतात. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द घ्या: त्यातला ऱ्य उमटवण्यासाठी शिफ्टसह जे, मग हलन्तासाठी डी, मग य साठी तिरक्या रेषेची कळ, एवढे तीन ठोके पुरतात; साध्या जे ने सुरुवात केली तर ‘किनार्यावर’ असे उमटते आणि वर्गातली चुणचुणीत मुले ते लगेच दाखवून देतात. ब्रिटिश कीबोर्डवर आपल्याला एकाच ठिकाणी अडखळल्यासारखे होईल. ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’ यांतला ॉ इनस्क्रिप्टच्या तक्त्यांमध्ये बॅकस्लॅशच्या कळीवर दाखवतात, पण आपल्या कीबोर्डवर बॅकस्लॅश छापलेली कळ झेडशेजारी आहे आणि ॉ देणारी कळ एंटरला खेटून असलेली, # छापलेली आहे. तक्त्यावर पेनाने तेवढी दुरुस्ती करून ठेवावी. ₹ हे चिन्ह इंग्रजीत टाइप करताना लागले तर एक्सकेबीत ‘रुपीसाइन:४’ नावाचा पर्याय आहे. तो चालू केल्यावर उजवी ऑल्ट धरून ४ दाबले की ते मिळते.

आता ब्राइटनेस. आपण एक वाक्य सहज लिहून गेलात, पण निदान त्याच वाक्यात आहे: कळ दाबली की ब्राउझरचे पान पुन्हा लोड होत असे. पान पुन्हा लोड करणे हे एफ५ चे काम. म्हणजे कळ नीट पोहोचत होती, केवळ ती सूर्याची कळ म्हणून न जाता एफ५ म्हणून जात होती. वरच्या रांगेतील कळांना दोन कामे असतात आणि त्यांतले कोणते आधी, हे लॅपटॉपचे फर्मवेअर, म्हणजे कारखान्यातच यंत्रात घातलेला प्रोग्राम, ठरवते. लिनक्सपर्यंत ती बाब सहसा येतच नाही. अनेक लॅपटॉपवर फंक्शन आणि एस्केप एकत्र दाबले की हा क्रम उलटतो, काहींवर त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे त्या फर्मवेअरच्या सेटिंग्जमध्ये, हॉटकी किंवा ॲक्शन की अशा नावाची नोंद असते. मे महिन्यात कोणी एवढे सांगितले असते तर पुढचे सर्व टळले असते.

खात्री करून घ्यायची असेल तर ‘लिबइनपुट-टूल्स’ हे पॅकेज घालून ‘सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स --शो-कीकोड्स’ ही आज्ञा चालू ठेवावी आणि कळ दाबावी. ‘इव्हीटेस्ट’ हेही चांगले साधन आहे, पण त्यात आधी उपकरण निवडावे लागते आणि नवखा माणूस नेमका तेथेच फसतो, कारण ब्राइटनेसची कळ पुष्कळदा मुख्य कीबोर्डच्या नावाने न येता ‘व्हिडिओ बस’ किंवा त्या कंपनीच्या ‘डब्ल्यूएमआय हॉटकीज’ अशा निराळ्याच उपकरणाच्या नावाने येते. कीबोर्ड निवडून कळ दाबली, काही दिसले नाही आणि ‘कळ मेली’ असा निष्कर्ष काढला, हे मी अनेकदा पाहिले आहे. लिबइनपुट सर्व उपकरणे एकदम ऐकते. तेथे २२४ दिसला तर कळीचे काम संपले. पुढचा दोष उजेडाच्या बाजूचा आहे. आपल्याकडे पट्टी हलते आहे, त्या अर्थी २२४ आणि २२५ डेस्कटॉपपर्यंत पोहोचत आहेत आणि कळींना दोष देण्याचे कारणच उरत नाही.

उजेडाची बाजू कर्नल ‘/सिस/क्लास/बॅकलाइट’ या फोल्डरमध्ये मांडते. आपण पाठवलेल्या छायाचित्रात तेथे ‘एसीपीआय_व्हिडिओ०’ ही एकच नोंद दिसते. लॅपटॉपमध्ये इंटेलचे ग्राफिक्स असताना तेथे ‘इंटेल_बॅकलाइट’ असायला हवे होते. ते कुठे गेले याचे उत्तर ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ च्या ओळीत आहे, जिथे पुतण्याच्या मित्राने घातलेले ‘एसीपीआय_बॅकलाइट=व्हिडिओ’ आणि ‘एसीपीआय_ओएसआय=लिनक्स’ हे दोन्ही शब्द स्पष्ट वाचता येतात. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीपासून कर्नल एका पडद्यासाठी एकच नियंत्रक ठेवते. पूर्वी तीन-तीन नोंदी एकत्र नांदत आणि डेस्कटॉप त्यांतली भलतीच उचलत असे. तो घोळ मिटला, पण त्याबरोबर आपण हाताने ‘व्हिडिओ’ असे बजावले की कर्नल खरा नियंत्रक बाजूला ठेवून फर्मवेअरचा नियंत्रकच पुढे करते. विंडोज ८ नंतरच्या बऱ्याच यंत्रांत फर्मवेअरचा हा नियंत्रक नावापुरता उरला आहे: आकडा घेतो, आकडा परत सांगतो, दिव्याला मात्र हात लावत नाही. म्हणून पट्टी हलते आणि उजेड हलत नाही. दुसऱ्या शब्दाबद्दल एवढेच सांगतो की कर्नल फर्मवेअरला स्वतःची ओळख मुद्दाम विंडोज अशीच करून देते, कारण कारखान्यात त्याच वाटेची चाचणी झालेली असते. तेथे ‘लिनक्स’ असे खरे सांगायला लावणे म्हणजे फर्मवेअरला चाचणी न झालेल्या वाटेने पाठवणे होय.

इलाज सरळ आहे. ‘सुडो नॅनो /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ ने फाइल उघडावी, ज्या ओळीत ‘क्वाएट स्प्लॅश’ आहे त्या ओळीतील हे दोन शब्द काढावेत, बाकी काहीही हलवू नये, फाइल जतन करून ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्यावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. ‘इंटेल_बॅकलाइट’ परत आले की नाही ते फोल्डरमध्ये पाहावे. मग डेस्कटॉपला मध्ये न घेता थेट तपासावे: आधी ‘मॅक्स_ब्राइटनेस’ मधला आकडा वाचावा, तो कुठे २५५ असतो तर कुठे हजारांत; त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचा आकडा ‘इको’ करून, नळीच्या (|) चिन्हाने ‘सुडो टी’ कडे देऊन ‘ब्राइटनेस’ या फाइलमध्ये लिहावा. ‘सुडो इको’ लिहून बाणाने फाइलमध्ये ढकलल्यास परवानगी नाकारली जाते, कारण सुडो फक्त इकोला लागू होतो, बाणाचे काम आपल्या साध्या खात्यानेच होत असते. शून्य मात्र लिहू नये. काही पडदे शून्यावर पूर्ण काळे होतात आणि मग अंधारात चाचपडत टाइप करावे लागते.

उजेड हलला, तर कळाही चालतील. न हलल्यास पुढचे कारण यंत्रागणिक वेगळे असते. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपमध्ये पडदा बायोसमधून एनव्हिडियाला जोडून ठेवलेला असला तर इंटेलची नोंद पोकळ ठरते. तेथे बायोसमध्ये हायब्रिड पर्याय निवडावा. ओलेड पडद्यांना मागचा दिवाच नसतो, त्यांचा उजेड डिस्प्लेच्या तारेतूनच संदेश पाठवून बदलतात आणि काही इंटेल यंत्रांवर त्यासाठी ‘आय९१५’ चा ‘एनेबल_डीपीसीडी_बॅकलाइट’ हा पर्याय १ करावा लागतो. असा कोणताही पर्याय एकदम फाइलमध्ये लिहू नये. ग्रबच्या यादीवर ई दाबून ‘लिनक्स’ ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो लिहावा आणि कंट्रोल व एक्स दाबावे. तो त्या एका वेळेपुरताच लागू होतो आणि बिघडले तर पुन्हा सुरू करताच नाहीसा होतो. ग्रब तेथे अमेरिकी मांडणीच गृहीत धरते, पण सुदैवाने बरोबरचे आणि अधोरेषेचे चिन्ह दोन्ही मांडण्यांत एकाच जागी आहे.

मी वर ‘बहुतेक’ हा शब्द का वापरला, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये खाडीकाठच्या एका दुकानातला लॅपटॉप माझ्याकडे आला. लॉगिन झाले की पडदा आपोआप मंद होत होत जवळजवळ काळा होई. मी एक अख्खी संध्याकाळ कर्नलच्या आवृत्त्या बदलण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी इव्हीटेस्ट लावून चहा घ्यायला उठलो आणि परत येऊन पाहतो तो कोणी हात लावलेला नसताना २२४ च्या ओळी एकाखाली एक पडत होत्या. कीबोर्ड उघडला तेव्हा त्याची चपटी पट्टी जिथे मदरबोर्डमध्ये शिरते तिथे कल्हई उडालेल्या पितळेसारखा हिरवट कळंक चढला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने तो पुसला आणि पट्टी पुन्हा बसवली, एवढ्यात काम झाले. आपल्याकडे खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा यांमुळे हे नवलाचे नाही. खिडकीखालच्या टेबलावर चार महिने ठेवलेल्या यंत्राला ते आधी होते. म्हणून हात न लावता दोन मिनिटे नुसते ऐकण्याची ही चाचणी मी आता पावसाळ्यात सर्वांत आधी करतो. ओल काढण्यासाठी लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेवण्याची पद्धत मात्र सोडावी. तांदळाचा कोंडा कळांखाली जातो आणि ओल असते तिथेच राहते.

राहता राहिला एक प्रकार, जो आपल्याला लागू नाही, परंतु आपल्या शाळेतील दुसऱ्या जुन्या लॅपटॉपच्या वर्णनावरून त्याला लागू असावा. कळ दाबल्यावर कुठेच काही दिसत नाही, मात्र ‘सुडो डीएमईएसजी’ या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेत ‘अननोन की प्रेस्ड’ अशी एटीकेबीडीची, म्हणजे कर्नलमधल्या कीबोर्ड-चालकाची, ओळ येते आणि तीत एक हेक्स क्रमांक असतो. याचा अर्थ कळ यंत्रातून निघाली, पण कर्नलला तिचे नाव ठाऊक नाही. त्याच संदेशात ‘सेटकीकोड्स’ वापरण्याची सूचना असते. त्या आज्ञेने केलेली सोय यंत्र बंद होईपर्यंतच टिकते. कायमस्वरूपी सोय ‘/ईटीसी/युडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी’ मध्ये स्वतःची फाइल करून होते: पहिल्या ओळीत लॅपटॉपची ओळख, दुसऱ्या ओळीत तो क्रमांक आणि ‘ब्राइटनेसडाउन’ हे नाव. दुसरी ओळ एक जागा सोडून सुरू करावी लागते, नाहीतर ती दुर्लक्षिली जाते; मी स्वतः यात एकदा तासभर अडकलो आहे. त्यानंतर ‘सुडो सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ आणि ‘सुडो युडेव्हएडीएम ट्रिगर’ या दोन आज्ञा द्याव्यात.

आपण आधी ग्रबमधील ते दोन शब्द काढावेत, त्यानंतरच मांडणीला हात घालावा. दोन्ही एकाच बैठकीत केले आणि लॉगिन अडले तर कशामुळे अडले ते कळणार नाही. तरीही उजेड न हलल्यास बॅकलाइट फोल्डरमधील नावे, ‘मॅक्स_ब्राइटनेस’ चा आकडा आणि सीएमडीलाइनची ओळ यांचे छायाचित्र पाठवावे. त्या जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत डीएमईएसजीमधली ती एकच ओळ मला पुरेशी आहे.